सतरावा प्रश्न

आई गेली तेव्हा शिकवणीला आलेले मिन्योकाका तिच्या खोलीत होते. हे सगळ्या गावाला माहीत होतं. बसल्या बसल्या गेली, काही कळलंही नसेल, असं डॉक्टर म्हणाले. फोन मिन्योकाकांनी केला होता. मला तेवढं पुरलं. जास्त काही विचारावंसं वाटलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

बाकीचं स्तांकामावशीने केलं. ती शेजारची. आईचा फोटो असलेली निधनाची पत्रकं तिने छापून आणली आणि दारावर, फाटकावर, बसथांब्यावर, पाववाल्याच्या खांबावर चिकटवली. मी दिवसातून चार-पाच वेळा तो फोटो बघत होते. दहा दिवसांत असं झालं की डोळे मिटले तरी आईच्या जागी तोच फोटो यायचा, काळापांढरा, जरा तिरका.

आईने एकतीस वर्षं शिक्षिका घडवणाऱ्या विद्यालयात मानसशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर ती पुढच्या खोलीत मोठ्या माणसांना शिकवायला लागली. कुठला एक विषय नाही. शिकायचं कसं, ते. एक नर्स जर्मन शिकायला यायची. एक विधुर स्वयंपाक शिकायच्या आधी आईकडे आला होता, कारण पाककृती वाचून त्याच्या लक्षात राहत नसे. आल्याबरोबर फोन पावाच्या डब्यात ठेवायचा. पंचवीस मिनिटं एकच काम, मग उठून बटाटे सोलायचे नाहीतर अंगण झाडायचं. आणि पुन्हा पुन्हा वाचत बसायचं नाही. "वाचलेलं ओळखीचं वाटतं, म्हणून येतंय असं वाटतं," ती म्हणायची. "शेजारणीला रोज बघतोस ना? सांग तिचे डोळे कुठल्या रंगाचे." माणूस गप्प व्हायचा. "बघितलंस? पुस्तक मिट. आता सांग."

प्रश्न विचारला की ती खुर्ची फिरवून विद्यार्थ्याकडे पाठ करून बसायची. माणूस उत्तर डोक्यातून काढत नाही, शिकवणाऱ्याच्या चेहऱ्यावरून वाचतो, मेंदूला फुकटचं आवडतं, असं तिचं म्हणणं. ती खिडकीकडे तोंड करून थांबायची. कितीही वेळ. मदत करायची नाही, खाकरायची नाही. आठवण्यासाठी जी ओढाताण होते तीच शिकणं, बाकी सगळं वाचन, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. उत्तर पुरं झालं की ती फक्त "हं" म्हणायची. बरोबर असलं तर. चूक असलं तर गप्प.

उजळणीचे दिवस तिने चर्चमधून उचलले होते. तिसरा, नववा, चाळिसावा, मग सहा महिने. आमच्याकडे मेलेल्याचे दिवस हेच. ती चर्चमध्ये जायची नाही, पण म्हणायची, "गावाला हे आकडे पाठ आहेत, मी नवे कशाला शिकवू? आणि बरोबर आहेत. विसरायला लागलं की विचारायचं. आधी नाही, फार नंतरही नाही."

नवव्या दिवशी उकडलेले गहू, साखर आणि अक्रोड घालून मी वाडग्यांत भरत होते. लोक येऊन चमचाभर खाऊन, "देव तिला क्षमा करो," म्हणून जात होते. पाच वाजता मिन्योकाका आले. त्यांनी गहू घेतले, खाल्ले आणि गेले नाहीत. काखेत कापडी पिशवी होती.

"पिशवीत काय?" स्तांकामावशीने विचारलं.

"नियमांचं पुस्तक."

"मिन्यो, अरे बाईचा नववा आहे आज. लाज आहे का काही?"

"आहे," ते म्हणाले. "पण कॅलेंडरवर आहे."

मी जाऊन बघितलं. आईच्या टेबलावरच्या कॅलेंडरवर वीस फेब्रुवारीच्या चौकोनात पेन्सिलीने 'मि. १७' लिहिलेलं होतं. चौदा फेब्रुवारीला पण होतं, तेवीस मार्चला पण. मग पानं उलटली, बारा ऑगस्टला. नवीन प्रश्न घेतला की शिकवणी सुरू व्हायच्या आधीच ती त्याचे पुढचे दिवस मांडून ठेवायची. सतरावा प्रश्न तिने बारा फेब्रुवारीला घेतला होता. बारा फेब्रुवारीलाच ती गेली. तिसरा, नववा, चाळिसावा, सहा महिने. स्वतःचे दिवस तिच्याच अक्षरात. मी ते बघितलं आणि कॅलेंडर जागेवर ठेवलं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. 

मिन्योकाका सव्वीस वर्षं गावाबाहेरच्या रेल्वे फाटकावर होते. एप्रिलपासून फाटक आपोआप पडणार होतं. स्टेशनावरच्या ड्यूटी अधिकाऱ्याची परीक्षा पास झाले तर ते इथे राहणार होते. दोनदा नापास झाले होते. तिसरी वेळ शेवटची. चोवीस मार्च.

"नाहीतर पोरीकडे स्पेनला," ते म्हणाले. "खोक्यात टोमॅटो भरायला. सत्तावन्न वर्षांचा मी. तिकडे मला टोमॅटोसुद्धा समजणार नाही काय बोलतोय ते."

"मी शिक्षक नाही, काका."

"तुला काही यायला नको. प्रश्न वाचायचा आणि पाठ करून बसायचं. बाई तेच करायच्या."

"तिला कधी बोलायचं ते कळायचं."

"बोलायच्याच नाहीत गं त्या. 'हं' सोडून."

स्तांकामावशी वाडगी विसळता विसळता म्हणाली, "घे त्याला. नाहीतरी तू दिवसभर भिंतीकडे पाठ करून बसतेस, याच्याकडे करून बस."

मी राजधानीत, सोफियाला परत जायला हवं होतं. मी भाषांतरं करते. एक पुस्तक अर्धवट होतं. रोज सकाळी तेच पान उघडायची, डोळे वरून खाली न्यायची, पुन्हा वर आणायची, आणि पानावर काय आहे ते सांगता यायचं नाही. आई असती तर म्हणाली असती, आळस नाही हा, डोकं दुसरीकडे कामावर आहे, त्याला सुट्टी दे. मी पुस्तक मिटलं. मंगळवारी आणि शुक्रवारी पाच वाजता मिन्योकाका यायला लागले.

ते हुशार होते. पहिल्या दोन वेळा ते का नापास झाले तेही कळलं: ते पुस्तक गाडीच्या वेळापत्रकासारखं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होते, पिवळ्या रंगाने अख्खी पानं रंगवलेली. आईने ते पुस्तक काढून घेऊन कोऱ्या कागदावर अठ्ठावीस प्रश्न लिहून दिले होते. आता ते सगळे प्रश्न सांगायचे. बाविसावा, नववा, तिसरा, उलटसुलट. मी खिडकीकडे बघत ऐकायची. खिडकीतून कुंपण, कुंपणापलीकडे रूळ. उत्तर झालं की कागदावर पडताळून मी "बरोबर" म्हणायची. 'हं' माझ्याने म्हणवत नव्हतं.

फक्त सतरावा यायचा नाही.

सतरावा असा: सिग्नल बंद, फोन बंद, शेजारच्या स्टेशनवर गाडी निघायच्या बेतात. तुम्ही काय कराल? मी वाचायची आणि फिरायची. मागे एक अक्षर नाही. मी थांबायची. पाच मिनिटांनी मागून खुर्ची करकरायची आणि काका म्हणायचे, "पुढचा घे."

"निदान सुरुवात करा."

"पुढचा घे, पोरी."

हे चार वेळा झालं. ज्या प्रश्नाची उजळणी तिने सर्वांत नीट मांडून ठेवली होती, तोच. प्रत्येक परीक्षेत बिघाडाचा प्रश्न येतोच, आणि त्याला गुण सर्वांत जास्त असतात, असं ते स्वतःच सांगायचे.

तेवीस मार्चला सकाळी आम्ही थडग्यावर गेलो. स्तांकामावशीने लाल वाइन मातीवर ओतली. 'चाळीस दिवस' असं लिहिलेली नवी पत्रकं जुन्यांवर चिकटवली. फोटो तोच. दुपारी मी एक तास झोपले, कारण करण्यासारखं दुसरं काही सुचलं नाही. पाच वाजता मिन्योकाका आले. मनगटाला आमच्याकडे मार्चमध्ये बांधतात तो लाल-पांढरा धागा होता, मळलेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्यांना परीक्षेला जायचं होतं.

सत्तावीस प्रश्न झाले. मग मी सतरावा वाचला आणि खुर्ची फिरवली.

मी कुंपणाकडे बघत होते. मग पाच वीसची गाडी आली, खिडकीची काच थरथरली, गाडी गेली.

"नेव्हेना," मागून आवाज आला. "मागे बघ."

"उत्तर सांगा आधी."

"एकदा बघ. मग सांगतो."

मी वळले. त्यांनी टोपी गुडघ्यावर धरली होती आणि ते माझ्याकडे एखाद्या सिग्नलकडे बघावं तसे बघत होते.

"बरं," ते म्हणाले. "ठीक आहे. आहेस."

मी खुर्ची पुरती त्यांच्याकडे फिरवली.

"त्या दिवशी बाईंनी हा प्रश्न विचारला. फिरल्या. मला काही आठवेना. त्या काही बोलल्या नाहीत. नेहमीचंच. मी म्हटलं, थांबल्यात. मीही थांबलो. डोकं खाजवलं, छताकडे बघितलं. पाच वीसची गेली. मग एकदम सुरुवात सापडली. आणि सुरुवात सापडल्यावर सगळं आलं, धडाधड. शब्दन् शब्द बरोबर, मला कळत होतं बरोबर आहे ते. आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता. मी सांगितलं सगळं." ते थांबले. "आणि 'हं'ची वाट बघत बसलो."

"किती वेळ?"

"प्रश्नापासून मी उठेपर्यंत अकरा मिनिटं. आधी मला वाटलं काहीतरी सुटलं, म्हणून मी उत्तर परत सांगितलं. परत वाट बघितली. मग म्हटलं, बाई, चुकलं का? आणि उठून पुढे गेलो."

त्यांनी टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

"सव्वीस वर्षं फाटकावर. काही हलत नसेल तर आधी तिकडे बघायचं, एवढं कुत्र्यालाही कळतं. अकरा मिनिटं. मी तिथे बसून सिग्नलची उत्तरं देत होतो."

"डॉक्टर म्हणाले लगेच गेली."

"डॉक्टर नव्हते इथे."

ते खरं होतं. मी त्यांना, असं काही नाही, म्हणू शकले असते. लोक मला चाळीस दिवस तसंच काही म्हणत होते. अकरा मिनिटांचं काय करायचं ते मला कळेना. जिथे काही वाटायला हवं तिथे मी हात लावून बघितला, तर ती जागा झोपलेल्या पायासारखी होती. पण डोकं चालत होतं, तिनेच घडवलेलं. आईने एकदा सांगितलं होतं: आठवण कपाटात ठेवलेली वस्तू नव्हे; दर वेळी काढली की नव्याने घडते, आणि काढताना आजूबाजूला जे असेल ते तिला चिकटतं. मिन्योकाकांच्या सतराव्या प्रश्नाला ही खुर्ची, ही खिडकी आणि एक पाठ चिकटली होती. मी दर आठवड्याला तीच पाठ त्यांच्यासमोर मांडत होते. गेला महिनाभर मी उजळणी घेत होते ती भलत्याच गोष्टीची.

"उठा," मी म्हटलं. "खुर्ची घ्या."

आम्ही दोन्ही खुर्च्या स्वयंपाकघरात नेल्या. मी शेगडीवर सकाळचं बीन्सचं सूप ठेवलं, आणि त्यांच्या समोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल अशी.

"असं चालत नाही," ते म्हणाले. "चेहऱ्यावरून कळतं. बाई म्हणायच्या."

"माझ्या चेहऱ्यावरून काही कळतंय?"

त्यांनी नीट बघितलं. "नाही," ते म्हणाले. "महिनाभर काहीच कळत नाही."

"मग झालं. सिग्नल बंद, फोन बंद, शेजारच्या स्टेशनवर गाडी निघायच्या बेतात. तुम्ही काय कराल?"

सूप उकळायला लागलं. ते माझ्या डोळ्यांकडे बघत राहिले. मी डोळे हलवले नाहीत.

"मार्ग मोकळा आहे असं नक्की कळत नाही तोपर्यंत तो अडलेला आहे असं धरीन," ते म्हणाले. "उत्तर आलं नाही म्हणजे होकार आला असं धरणार नाही. माणसाच्या हाती लेखी निरोप पाठवीन, वेळ घालून, सही करून. तो लेखी उत्तर घेऊन परत येईपर्यंत..." ते अडले. मी थांबले. "परत येईपर्यंत कुठलीही गाडी सोडणार नाही. कितीही वेळ लागला तरी."

कागद पुढच्या खोलीत राहिला होता. पडताळायची गरज नव्हती.

"हं," मी म्हटलं.

माझाच आवाज होता. तिचा नव्हता. पण मिन्योकाकांनी टोपी डोक्यावर घातली, मग घरात आहोत हे लक्षात येऊन काढली, आणि सूप प्यायले. दोन वाडगी.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

"आता काही पुस्तक उघडायचं नाही. जाऊन झोपा. झोपेत डोकं आवरून ठेवतं."

"तू पण बाईंसारखी बोलायला लागलीस."

"मला दुसरं येत नाही."

दुसऱ्या दिवशी चार वाजता फोन वाजला. पावाच्या डब्यातून काढायला वेळ लागला.

"पास," मिन्योकाका म्हणाले. मागे स्टेशनचा गलका होता. "दोन गुणांनी. स्तांकाला सांग, टोमॅटो वाचले."

"सतरावा आला?"

"नाही. या वेळी बिघाडाचा विचारलाच नाही. पहिल्यांदाच." ते हसले, किंवा खोकले. "येत होता, तर विचारला नाही."

मी टेबलापाशी उभी होते. कॅलेंडर समोर होतं.

"काका, ऑगस्टमध्ये या. बाराला."

"परीक्षा झाली ना, पोरी."

"उत्तर सांगायला नाही. ती अकरा मिनिटं सांगायला. नीट, पहिल्यापासून. मी तेव्हा ऐकलं, पण काही आत गेलं नाही."

पलीकडे कुठली तरी गाडी लागत होती, फलाटाचा नंबर पुकारला गेला. उत्तर आलं नाही म्हणजे होकार आला असं धरायचं नसतं, म्हणून मी थांबले.

"किती वाजता?" शेवटी ते म्हणाले.

"पाचला. पाच वीसच्या आधी."