दोन नावांची नोटीस

मी एक नोटीस. दचकू नका, तुमची नाही. माझं नाव काढलं की लोक धसकतात, हे मला ठाऊक आहे. पण आज कुणीतरी माझं ऐकून घ्यायलाच हवं. ज्यांनी ऐकायचं, त्यांच्यापर्यंत माझा आवाज पोचत नाही.

कर कचेरीच्या छपाईयंत्रातून मी बाहेर पडले, तेव्हा मागेपुढे माझ्या हजारो बहिणी होत्या. मजकूर सगळ्यांचा तोच, आकडे तेवढे वेगळे. माझ्यावर लिहिलं होतं : जादा कापलेला कर, परत देणे बेचाळीस हजार. पतीच्या जुन्या सरकारी कर्जाच्या थकबाकीपोटी वळते केले छत्तीस हजार. बाकी सहा हजार, पतीच्या खात्यावर जमा. वर नावं दोन होती, कारण नवरा-बायकोंनी मिळून एकच फॉर्म भरला होता. एकत्र भरलं की चार पैसे जास्त सुटतात, असं फॉर्म भरून देणाऱ्या काकांनी त्यांना सांगितलं होतं.

माझी तीन घड्यांची घडी झाली आणि मी पाकिटात बसून एका इमारतीच्या जिन्याखालच्या टपालपेटीत जाऊन पडले. मनात म्हटलं, बरं झालं, मला घर मिळालं.

पेटी उघडली ती नवऱ्याने. हा खिडक्यांना काचा बसवणारा माणूस. हातावर बारीक चिरांचं जाळं, नखांत काच चिकटवायचं लुकण. पाकीट तिथेच फोडून तो पहिल्या पायरीवर बसला. छत्तीस हजारांवर त्याची नजर आली आणि जिन्यात कुणी नाही ना, ते त्याने मान वळवून पाहिलं. लग्नाआधी काचकाम शिकायला त्याने सरकारी कर्ज काढलं होतं. सुरुवातीचे हप्ते भरले, मग मनगट मोडलं, मग खोली बदलली, आणि तगाद्याची पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहिली. त्याने स्वतःलाच पटवून दिलं होतं की, ते आता विसरले असतील. सरकार काही विसरत नाही हो! बायकोला तर तो या कर्जाबद्दल चकार शब्द बोलला नव्हता.

त्याने मला घडी घातली आणि हत्यारांच्या पिशवीत, लुकणाच्या डब्याखाली कोंबलं. इतकं सगळं वाचलं, पण मला उलटून पाहिलं नाही.

माझ्या पाठीवर एक परिच्छेद आहे. अक्षर बारीक, पण आहे. कर्ज दोघांपैकी एकाचंच असेल, तर दुसऱ्याने आपल्या कमाईवरच्या कराचा वाटा वेगळा अर्ज करून परत मागावा, तो मिळतो. आता खरं सांगायचं तर या घरात कर कापला गेला तो बायकोच्याच पगारातून. ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते. नवऱ्याचं काम आज आहे, उद्या नाही. म्हणजे ते छत्तीस हजार बहुतेक तिचेच! आणि जिच्या कामाचं हे आहे, तिच्यापासूनच मला लपवलेलं.

पिशवी दाराजवळच असायची. मला सगळं ऐकू यायचं.

"अहो, टपाल आलं का काही?"

"विजेचं बिल आलंय फक्त."

"एक फोन तरी करा ना कर कचेरीला."

"केला होता. वेळ लागतो म्हणाले."

त्यांची सात वर्षांची लेक, सगळे तिला ठमी म्हणतात. तिला ऐकायला कमी येतं. जुनं यंत्र कानात शिट्टी मारतं, नाहीतर मुकं बसतं. नव्यासाठी कानाचा साचा घेऊन दोन महिने झाले होते; पैसे कराच्या परताव्यातून द्यायचं ठरलं होतं. यंत्रवाल्या बाईंनी बजावलं होतं, "यंत्र या शनिवारपर्यंत ठेवते. पोरांचा कान वाढतो, मग साचा बसत नाही. पुन्हा साचा, पुन्हा पैसे." आई रोज ठमीसमोर गुडघ्यांवर बसायची, ओठ मोठे हलवून सांगायची, "उद्या आणू हं!"

असे पंधरा दिवस गेले. बुधवारी गल्लीत एक टेम्पो मागे येत होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि ठमी त्याच्याकडे पाठ करून लंगडी खेळत होती. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी तिला दंडाला धरून ओढलं. दंडावर वळ उठला, तेवढ्यावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी आईने धुलाईघरातल्या मुकादमबाईंकडे पगाराची उचल मागितली. त्यांनी हात वर केले. शुक्रवारी अर्धी रजा टाकून ती स्वतःच कर कचेरीत गेली. परत आली ती चपला न काढता आत शिरली.

"खिडकीवरचा माणूस म्हणाला, ताई, नोटीस केव्हाच गेलीय, घरात बघा. कुठंय?"

नवरा दाराजवळच्या पिशवीकडे गेला. त्याने डबा उचलला आणि मला टेबलावर ठेवलं. लुकणाच्या तेलाने मी डागळले होते.

ती उभ्या उभ्याच वाचत होती. मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, उलटा मला, बाई, उलटा! तिचं बोट छत्तीस हजारांवर थांबलं.

"लग्नाआधीचं आहे गं," तो म्हणाला. "सांगणार होतो. ते सहा हजार तसेच ठेवलेत, हात लावला नाही."

"पैशांचं राहू द्या." तिचा आवाज चढला नाही, म्हणूनच मला भीती वाटली. "पंधरा दिवस मी तिला उद्या, उद्या म्हणत होते. तिला नाही येत ऐकू. तुम्हाला तर येत होतं ना?"

तो भिंतीला टेकून रडू लागला. ती रडली नाही. तिने मला टेबलावर पालथं नाही, सरळच ठेवलं, वर पाण्याचा तांब्या ठेवला आणि यंत्रवाल्या बाईंना फोन लावला. "आम्हाला जमणार नाही. दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल तर द्या."

आज शनिवार. मी अजून तशीच आहे, तांब्याखाली, अर्धी ओली. शाई पसरायला लागली आहे. दोघं एकाच टेबलाशी बसली आहेत आणि एकमेकांकडे बघत नाहीत. तुमच्या घरी माझी एखादी बहीण आली असेल, तर कृपा करा, तिला लपवू नका, आणि शेवटपर्यंत वाचा.

ठमी आत्ताच आईजवळ आली, तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. आईने ओठ मोठे हलवून सांगितलं, "उद्या नाही गं आणायचं."

ठमीने ते नीट वाचलं, जरा विचार केला आणि विचारलं, "मग परवा?"