त्या वाक्याला हशा पडला

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. माझे चार पायसुद्धा एका वयाचे नाहीत. पुढचा उजवा पाय नंतर बसवलेला आहे आणि तो उरलेल्या तिघांशी अजून फटकून वागतो.

मला घडवणारा सुतार मोठा चिकित्सक होता. माझ्या हातांवरून बोटं फिरवायचा, नाक मुरडायचा आणि पुन्हा घासायला बसायचा. तयार झाल्यावर मी थेट एका कचेरीत गेले. तिथे लोकांना दाखले मिळत. कारकुनाच्या टेबलासमोर, आलेल्या माणसाने बसावं म्हणून मला ठेवलं होतं. पण कोणी बसायचं ते कारकून ठरवायचा. काहींना तो लगेच "बसा" म्हणे. काही जण तासन् तास माझ्या शेजारी उभे राहत. थकून माझ्या पाठीवर हात टेकला आणि कारकुनाने वर पाहिलं, की तो हातही काढून घेत. मला त्यात काहीच वावगं वाटत नसे. उलट तेवढाच आराम, असं मी मनात म्हणायचे. आज ते आठवलं की लाज वाटते.

पुढे माझा पाय मोडला आणि मला व्हरांड्यात फेकण्यात आलं. तिथून एका छोट्या नाट्यसंस्थेने मला उचललं. या संस्थेचं नाट्यगृह म्हणजे जुन्या गोदामातली साठ आसनांची खोली. नफ्यासाठी इथे कोणीच येत नसे. दिवसभर आपापली कामं करायची आणि संध्याकाळी तालमीला जमायचं, असा सगळ्यांचा शिरस्ता. नाटकं लिहिणाऱ्या आणि बसवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. मुख्य कामं करणारे डॉक्टर दातांचे होते. ते बोलायला लागले की समोरच्याचं तोंड आपोआप उघडतं, अशी त्यांची थट्टा चालायची. आणि कपडे शिवायला होत्या मावशी. अकरा वर्षं त्या या संस्थेत होत्या. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, आणि दुपारी हातशिलाईला बसायला मी. ती माझी सुखाची वर्षं होती.

मावशी नदीच्या पलीकडच्या. आमच्या गावात पलीकडच्या माणसांना कोणी चटकन घर भाड्याने देत नसे, आणि त्यांच्या बोलण्याच्या हेलाची नक्कल करणं ही सगळ्यांची आवडती करमणूक होती. ताईंना नेमकं यावरच नाटक करायचं होतं, पण गोष्ट सुचत नव्हती. एका दुपारी मावशी दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "ताई, मी सांगू का एक?"

आणि त्यांनी सांगितलं. त्या नऊ वर्षांच्या असताना वडील त्यांना घेऊन शाळेच्या दाखल्यासाठी कचेरीत गेले होते. समोर खुर्ची रिकामी होती. शिपायाने विचारलं, "यांना बसवू का?" तेव्हा कारकून म्हणाला, "पलीकडचे उभेच बरे." दोन तास वडील उभे राहिले.

मित्रांनो, ती रिकामी खुर्ची मीच होते का, हे मला सांगता येत नाही. माझ्यासमोर इतकी माणसं उभी राहिली, की त्यात एक बाप आणि एक मुलगी वेगळी आठवत नाही.

ताईंचे डोळे भरून आले. "मावशी, ही गोष्ट मला द्याल?"

"देते," मावशी म्हणाल्या. "पण त्या वाक्याला हसू येता कामा नये. आबांना, माझ्या वडिलांना, दाखवायचंय मला. त्या दिवशी काय झालं ते कोणाला तरी कळलं, एवढं त्यांनी बघावं."

तालमी सुरू झाल्या. डॉक्टर कारकून झाले आणि मला पुन्हा टेबलासमोर ठेवलं गेलं. डॉक्टरांनी ते वाक्य पहिल्यांदा म्हटलं ते मान वर न करता, कागदावर शिक्का मारत, इतक्या सहज, की सगळे फिसकन हसले. नट लोकांना हसू मिळालं की त्यांचं भान सुटतं. दुसऱ्या दिवशी चहाचा एक कप कमी पडला तेव्हा कोणीतरी त्याच सुरात म्हणालं, "पलीकडचे उभेच बरे!" तिसऱ्या दिवशी उशिरा आलेल्याला बसायला जागा नव्हती, तेव्हाही तेच. नटांच्या भाषेत वाक्य तोंडात बसणं ही चांगली गोष्ट. हे वाक्य सगळ्यांच्या तोंडात असं बसलं, की उठायचं नावच घेईना. माणसं मात्र वाईट नव्हती. मावशी आजारी पडल्या होत्या तेव्हा याच लोकांनी आळीपाळीने त्यांना डबा पोचवला होता.

सुरुवातीला मावशीही हसल्या. मग ओठांत टाचण्या धरून गप्प राहू लागल्या. त्यांनी दुपारी माझ्यावर बसणं सोडलं. खिडकीपाशी उभ्या राहून त्या टाके घालत. ते फक्त माझ्या लक्षात आलं, आणि मला तर तोंड नाही.

एकदा त्या ताईंना म्हणाल्या, "ते वाक्य जरा जपा हो."

"अहो, तालमीतली गंमत ती. प्रयोगात कोण हसेल?" ताई म्हणाल्या, आणि दिव्यांचं काम बघायला गेल्या.

पहिल्या प्रयोगाला आबा आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, पहिल्या रांगेत मधली जागा. मावशी विंगेत उभ्या होत्या. प्रवेश सुरू झाला. पलीकडचा बाप माझ्या शेजारी उभा राहिला. शिपायाने विचारलं. डॉक्टरांनी शिक्का मारला आणि त्यांच्या तोंडून वाक्य निघालं ते चहाच्या वेळचं. मागे उभे असलेले आमचेच दोघे सवयीने हसले. त्यांचं ऐकून एक रांग हसली, आणि बघता बघता सगळं नाट्यगृह हसलं.

मी आबांकडे पाहत होते. ते गोंधळून इकडेतिकडे बघत होते. मग सगळे हसतायत असं बघून तेही हसले. मान खाली घालून, हात जोडल्यासारखे करून.

विंगेत मावशींनी तोंडावर हात दाबून धरला.

प्रयोग संपल्यावर कौतुकाला गर्दी झाली. डॉक्टर खुशीत होते. मावशी त्या गर्दीतून सरळ ताईंकडे आल्या.

"ताई, एक सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी कचेरीत आबा असेच हसले होते. कारकून हसला म्हणून. ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. माझी गोष्ट मला परत द्या."

दुसऱ्या दिवशीचा प्रयोग ताईंनी रद्द केला. डॉक्टर चिडले. "लोकांना आवडलं ना! कारण काय सांगायचं?"

"गोष्ट आपली नव्हती, आणि आपल्याला सांभाळता आली नाही, म्हणून सांगा," ताई म्हणाल्या. डॉक्टर बराच वेळ तोंडावरचा रंग पुसत बसले. मावशी त्यानंतर आल्या नाहीत.

चार दिवसांनी सकाळी आबा एकटेच आले. ताई धावत पुढे गेल्या, मला ओढून म्हणाल्या, "बसा आबा."

"असू दे, असू दे. लगेच निघायचंय." आबा दाराशीच थांबले. "पोरगी रागावली, तिचं मनावर घेऊ नका. चूक माझी झाली. मी हसायला नको होतं. माझ्यापायी तुमचं नाटक बंद नका करू बाई."

ताई पुन्हा "बसा ना" म्हणाल्या, पुन्हा आबांनी मान हलवली. अर्धा तास ते माफी मागत राहिले, उभ्याने.

मित्रांनो, आम्ही खुर्च्या शेवटी सांगतो, आम्हाला पुसा, उन्हात ठेवू नका, खिळा सैल झाला तर ठोका. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या दारात कोणी येऊन उभं राहिलं, तर एकदा "बसा" म्हणून काम संपलं असं समजू नका. ज्यांना आयुष्यभर कोणी बसवलं नाही, त्यांना ते आपल्यासाठी आहे हे पटायला वेळ लागतो. तेवढा वेळ द्या. आणि त्यांच्यासमोर बोलताना, मागे चहाच्या वेळी आपण काय बोलत होतो ते जरा आठवा.

आबा त्या दिवशी बसले नाहीत. ताई दारापर्यंत त्यांच्याबरोबर गेल्या, मग चपला घालून तशाच त्यांच्या मागोमाग मावशींच्या घराकडे निघाल्या.