ऑडिटच्या खुर्च्या

“किती तास काम करताय?”

“आठ तास.”

“संडास किती?”

“दोन. आन दोनी स्वच्छ हायती.”

“काय तक्रार?”

“न्हाई. समद्यास्नी बसाय खुर्ची हाय.”

गोमटेशअण्णांनी समाधानानं मान हलवली. तासगावजवळच्या त्यांच्या पॅकहाऊसमध्ये चाळीस बाया द्राक्षं निवडून, डब्यांत भरून लंडनला धाडायच्या. तिथल्या दुकानाची एक बाई वर्षातून एकदा ऑडिटला यायची. ती खूश झाली तर माल जाणार, नाहीतर चाळीस चुली थंड. म्हणून चार दिवस पाठांतर चाललं होतं आणि त्यात धोंडुबाईचा पहिला नंबर होता. जतकडच्या माळावर जन्मभर मेंढरं राखलेली बाई. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण एकदा कानावर पडलेलं विसरायची नाही.

खुर्च्या तेवढ्या आज सकाळीच आल्या होत्या, मंडपवाल्याच्या टेंपोतून.

दहाला लंडनची बाई आली. बोलणं समजावून सांगायला पुण्याहून प्रांजल नावाची पोरगी बरोबर होती. बाई सगळीकडं फिरली आणि नेमकी धोंडुबाईसमोर येऊन थांबली. अण्णा मनातून हरखले.

घोटाळा एवढाच झाला, की बाईला प्रश्नांचा क्रम ठाऊक नव्हता. तिनं आधी तब्येत विचारली.

“आठ तास,” धोंडुबाई म्हणाली.

मग मुलं किती, असं विचारलं.

“दोन. आन दोनी स्वच्छ हायती.”

बाई गंभीरपणे लिहून घेऊ लागली. प्रांजलला हसू आवरेना. तिचं आजोळ जतचं, हे अण्णांना कुठलं माहीत? ती जवळ सरकून म्हणाली, “मावशी, पाठ केल्यालं ऱ्हाऊ द्या. मनातलं सांगा.”

आपली बोली कानी पडली आणि धोंडुबाई सैल झाली. ही द्राक्षं तुम्ही खाता का, असं बाईनं विचारल्यावर तिनं सांगितलं, की मोठ्या मण्यांची लंडनला जातात, बारकी आम्ही खातो. आणि खरं सांगायचं तर गोड बारकीच असतात. बोलता बोलता तिनं टाकाऊच्या टोपलीतला एक मणी बाईच्या हातावर ठेवला. बाईनं तो खाल्ला, डोळे मिटले आणि आणखी दोन मागून घेतले. मग तिनं विचारलं, तुम्हाला काही हवंय का?

अण्णा दारातून ‘नाही, नाही’ अशी मान हलवत होते. धोंडुबाईनं शेजारच्या सुंदरीकडं पाहिलं. सहावा महिना लागलेला, पाय सुजलेले.

“तुमी म्हयन्याला येत जावा,” ती म्हणाली. “तुमी आला की खुर्च्या येत्यात. न्हाईतर दिसभर उबंच ऱ्हावं लागतंय.”

प्रांजलनं शब्दाला शब्द जोडून सांगितलं. लंडनच्या बाईनं डायरीतल्या तारखा चाळल्या आणि मग खेदानं कळवलं, की दर महिन्याला येणं जमायचं नाही. एवढ्या वेळा विमानाला दुकान पैसे देत नाही. खुर्च्यांचं मात्र अहवालात लिहीन.

माल पास झाला. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर अण्णा पुटपुटले, दुकानानं दर साल भाव खाली आणायचा आणि वर खुर्च्या मागायच्या, आणायच्या कुठनं?

तेवढ्यात मंडपवाल्याचा टेंपो दारात आला. सावळजला लग्न होतं. बाया मुकाट्यानं उठल्या. धोंडुबाई उठली नाही.

“मावशी, उठा की,” अण्णा म्हणाले.

“येवढा घड हुंद्या, अण्णा.”

तो घड झाला. तिनं दुसरा घेतला. टेंपोवाल्यानं हॉर्न वाजवला. तिनं मान वर केली नाही. वाळका मणी शोधून कात्रीनं अलगद काढला. तिसरा घड घेतला. तिच्या आवाजात राग नव्हता, चेहऱ्यावर हट्ट नव्हता, त्यामुळं ओरडायचं कशावर, हेच अण्णांना कळेना. शेवटी ते टेंपोवाल्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, “एक मोडली म्हणून लिव्ह.”

एकोणचाळीस खुर्च्या घेऊन टेंपो गेला. मग धोंडुबाई उठली. तिनं खुर्ची उचलून सुंदरीच्या मागं ठेवली, खांदा दाबून तिला खाली बसवलं, आणि टेबलाशी उभी राहून पुढचा घड हातात घेतला.