आतली बाजू

तालायने राउटरचा पंखा काढून खिडकीशी नेला आणि पात्यांवर जोरात फुंकर मारली. थोडी धूळ उडाली. बोटाने पातं फिरवून पाहिलं तर ते सुरळीत फिरत होतं. तरीही त्याने तो पंखा बाजूला टाकला आणि खोक्यातून नवा काढला.

"पंख्याचं नाही ते," सैकाल म्हणाली. तिचं तोंड कॉम्प्युटरकडेच होतं.

"यंत्र तापतंय."

"काल पडलं तेव्हा या खोलीत मी कोट घालून बसले होते."

"मग वीज कमीजास्त होत असेल."

तिने खुर्ची थोडी बाजूला सरकवली, म्हणजे त्यालाही स्क्रीन दिसावा. तो स्क्रू पिळत राहिला.

काराकोल गावातली घरं आणि दोन शाळा यांचं इंटरनेट, आणि गेल्या हिवाळ्यापासून रुग्णवाहिका केंद्राचे फोनही, सगळं या एका यंत्रातून जात होतं. ते तालायनेच निवडलं होतं. अल्माटीहून, कुणाचंतरी वापरलेलं, स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून आणलेलं. महिन्यापासून ते दिवसातून दोनतीनदा आपोआप बंद पडे आणि आपोआप सुरू होई. तेवढी पाच मिनिटं सारं गाव मुकं. मागच्या आठवड्यात अशाच एका वेळी शेजारच्या अक-सू गावाहून केंद्राला आलेला फोन पत्ता सांगता सांगता तुटला. ज्याच्यासाठी फोन होता तो म्हातारा वाचला, पण केंद्रातली बाई जिना चढून वर आली आणि तालायच्या टेबलासमोर उभी राहिली.

"पुढच्या वेळी गल्ली कुठली ते मी तुम्हालाच विचारीन," ती म्हणाली आणि निघून गेली.

तेव्हापासून सैकाल तारेतून येणारं माहितीचं प्रत्येक पॅकेट साठवून ठेवू लागली आणि यंत्र पडण्याआधी नेमकं काय आलं ते शोधू लागली. तिसऱ्या दिवशी तिला सापडलं. कचेरीत फोन घेणाऱ्या ल्यूबाने विचारलं तेव्हा तिने सांगितलं ते असं:

"समज, टपालाने पाकीट आलं. वर लिहिलंय, आत वीस पानं. उघडलं तर तीनच. आपलं यंत्र बिचारं उरलेली सतरा शोधत बसतं आणि शोधता शोधता बेशुद्ध पडतं. मुद्दाम कुणीतरी तशी पाकिटं पाठवतंय."

"माझा पहिला नवरा असाच होता," ल्यूबा म्हणाली. "रिकाम्या खिशात किल्ली शोधत दारात उभा राहायचा. मी उघडेपर्यंत."

दोघी हसल्या. तालाय हसला नाही. ही गोष्ट सैकालने आधी त्यालाच सांगितली होती, आणि त्यावर तो 'पंखा' एवढंच म्हणाला होता.

सैकाल टपाल कचेरीत पार्सलं लावायची तेव्हा तो तिथे तारा टाकायला गेला होता. तारेतल्या आठ रंगांचा क्रम तिला त्यानेच शिकवला, लग्नानंतरच्या पहिल्या खोलीत, जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून. पुढे ती त्याच्याच कचेरीत आली. लोक म्हणायचे, तालायने बायकोला तयार केली. त्यालाही ते ऐकायला आवडायचं.

पंख्याचं ऐकल्यावर तिने वाद घातला नाही. इंजिनियर मंडळींच्या एका गटात प्रश्न टाकला. बिश्केकहून राविल नावाच्या कुणाचं उत्तर आलं. त्यानेही हाच प्रकार पाहिला होता. मग रोज निरोप येऊ लागले. सैकालचा फोन ताटाशेजारी येऊन बसला. एकदा वाचता वाचता तिला हसू फुटलं.

"काय झालं?" तालायने विचारलं.

"काही नाही. तो त्या पॅकेटला सासूबाई म्हणतो."

"का?"

"सांगितलं तर तुला हसू यायचं नाही."

त्याने ब्रेडचा तुकडा मोडला आणि रश्श्यात बुडवून तसाच ठेवला.

राविल आला तो सप्टेंबरातल्या एका सोमवारी, गाडीत एक जुना कॉम्प्युटर आणि तारांची भेंडोळी घेऊन. तालायने मनात उंच, तरणा गडी रंगवला होता. आला तो बुटका, टक्कल पडलेला, सारखा खोकणारा तातार. तालायला हे जास्तच लागलं. देखणा असता तर रागवायला सोपं होतं.

"नमस्कार, तालाय-बाइके," राविलने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. "सैकाल-एजे, तुमचा तो पॅकेटचा नमुना मी आमच्याकडे सगळ्यांना दाखवला. त्यांना पटेचना की काराकोलला कुणी एवढं खोलात बघतं."

बाइके म्हणजे थोरला भाऊ आणि एजे म्हणजे थोरली बहीण. तालायने पाहुण्याला घरीच उतरवून घेतलं. दुसरा उपाय नव्हता. लोकांनी नावं ठेवली असती.

त्या संध्याकाळी जेवायला अंथरलेल्या दस्तरखानावर त्याने स्वतः मांस कापलं आणि चांगला तुकडा पाहुण्यापुढे ठेवला. राविलने तो तोंडभर आशीर्वाद देत घेतला आणि सैकालकडे वळून म्हणाला, "पण पॅकेटचे तुकडे एकमेकांवर चढवून पाठवले तर? पहिल्या तुकड्याचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर?"

"तेही अडवू. आधी सगळे जुळवायचे, मग पुढे सोडायचे."

"वेळ जाईल."

"पण यंत्र उभं राहील ना."

मध्येच तालाय म्हणाला, "मीठ कमी झालंय का?"

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. "नाही, बाइके, उत्तम आहे," राविल म्हणाला, आणि थोडा वेळ सगळे मिठाबद्दल बोलले.

दुसऱ्या दिवशी कामाला बसले. राविलने आणलेला कॉम्प्युटर राउटरच्या तोंडाशी गाळणीसारखा बसवायचा. येणारं प्रत्येक पॅकेट त्याने आधी तपासायचं. वर लिहिलेली लांबी खरी आहे का, तुकडे नीट जुळतात का, नसेल तर तिथेच टाकून द्यायचं. तालायने तारा दिल्या, तारा सोलायची सुरी शोधून दिली, चहा करून आणला. कुणीही त्याला बाजूला हो म्हटलं नाही. पण बोलणं सगळं त्या दोघांत चाले, अर्धं अर्धं. एकाने सुरू केलेलं वाक्य दुसरा पुरं करी. दुपारनंतर केव्हातरी राविलच्या तोंडून 'एजे' गळालं. मग 'तुम्ही'ही गेलं.

"सैकाल, तू इथे चुकतेयस," तो म्हणाला.

"तू चुकतोयस. नीट वाच."

"बरं बाई. मी चुकलो."

तालाय दारात चहाचे पेले घेऊन उभा होता. आपल्याशी वाद घालताना सैकाल असं कधी बोलली होती, ते त्याला आठवेना. अलीकडे ती त्याच्याशी वाद घालतच नसे.

बुधवारी दुपारी चाचणी झाली. राविलने आपल्या मोबाइलच्या जोडणीवरून, म्हणजे बाहेरून, तशीच वाकडी पॅकेटं मूठमूठ सोडली. राउटरचे दिवे लुकलुकत राहिले. एकही विझला नाही. ल्यूबाने टाळ्या वाजवल्या.

"छान," तालाय म्हणाला.

"चला, आज तुमच्या इथल्या थंड शेवया, आश्ल्यान-फू," राविलने खिशात हात घातला. "मी खाऊ घालणार. काराकोलला येऊन ते न खाता गेलो तर घरी दार उघडणार नाहीत. बाइके, उठा."

"माझं पोट बरं नाही. तुम्ही जा."

सैकालने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. "थंडच असतं, बाधणार नाही."

"जा म्हटलं ना."

ल्यूबाही त्यांच्याबरोबर गेली. जिन्यावर राविल काहीतरी म्हणाला आणि दोघी हसल्या. मग खालचं दार आपटलं.

तालाय यंत्रासमोर येऊन उभा राहिला. गाळणीचं तोंड बाहेर. रस्त्यावरून येणाऱ्याला अडवायला दारात पहारेकरी बसवला, ठीक. पण घरातलाच माणूस उठून आला तर? कचेरीतले कॉम्प्युटर राउटरला मागच्या बाजूने जोडलेले होते. त्या तारा त्यानेच टाकल्या होत्या. हा विचार चाचणी चालू असतानाच त्याच्या मनात आला होता, आणि तो बोलला नव्हता. बोलला असता तर ते म्हणाले असते, बरोबर आहे, बाइके. आणि पाच मिनिटांत दुरुस्तही केलं असतं.

तो आपल्या टेबलाशी बसला. सैकालने साठवलेला नमुना सगळ्यांना उघडता येईल अशाच जागी होता. त्याने तो घेतला. कुठला आकडा कुठे बसतो ते जुळवायला त्याला वेळ लागला. बोटांची सवय गेली होती. मग जमलं, आणि जमल्याचा त्याला पोरासारखा आनंदही झाला. एकदा यंत्र पडू दे. ते दोघं परत आले की म्हणायचं, पडलं पुन्हा. एवढ्या लांबून आलेला पाहुणा, तीन दिवसांचं काम, आणि पडलंच. त्याला राविलचा चेहरा दिसला. मग सैकालचा दिसू लागला, तेव्हा त्याने नजर वर उचलली.

समोरच्या पट्टीवर रुग्णवाहिका केंद्राच्या तारेचा दिवा भरभर लुकलुकत होता. म्हणजे तिथे आत्ता कुणीतरी बोलत होतं.

ते त्याने पाहिलं. पाहून कळ दाबली.

काही झालं नाही. दिवा तसाच लुकलुकत राहिला. पंखे आवाज करत राहिले. तालायने हात मांडीवर घेतला. यंत्र पडलं नाही याचं त्याला बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी आपल्या घराच्या दाराला किल्ली लावावी आणि ती फिरूच नये तसं काहीतरी झालं. त्याने तयार केलेलं सगळं पुसून टाकलं, उठून तोंड धुतलं, आणि परत येऊन बसला.

मंडळी आली तेव्हा राविलच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, आत आंबट रस्सा आणि शेवया. "बाइके, तुमच्यासाठी. तिखट कमी घालायला लावलंय. सैकाल म्हणाली, पोट बिघडलं असेल तर तिखट नको."

तालायने वाडगा घेतला आणि खाऊ लागला. पोट बरं नाही म्हटल्याचं त्याला अर्ध्यावर आठवलं. मग त्याने न राहवून विचारलं,

"तुमची ही गाळणी फक्त बाहेरच्या बाजूला आहे ना?"

"नाही, दोन्हीकडे," राविल खुर्चीत बसत म्हणाला. "खरं तर मी नको म्हणत होतो. म्हटलं, आत तुम्ही तीन माणसं, आतून कोण पाठवणार? उगाच आणखी दोन तारा. पण हिने ऐकलं नाही. आधी आतलीच बाजू करायला लावली. बाहेरची नंतर."

सैकाल कोट खुंटीला अडकवत होती. कोट अडकला, तरी तिचा हात खुंटीवर राहिला.

"चांगलं केलं," तालाय म्हणाला.

"आता शेवटचे आकडे बघू आणि मी मोकळा," राविलने कीबोर्ड ओढला. "निघताना दोन्हीकडचे शून्य करून गेलो होतो. बाहेरून… एकशे बारा टाकून दिली. अजून येतायत लेकाची. आणि आतून…" तो थांबला. पुढे वाकला. "आतून एक."

खोलीत पंख्यांचा आवाज होता. ल्यूबा रुमालाने ओठांना लागलेला रस्सा पुसत होती.

"एक कसं?" राविल म्हणाला.

"मी टाकलं," सैकाल म्हणाली.

"तू? कधी?"

"जेवताना. फोनवरून. म्हटलं, आतलीही बाजू तपासून बघावी."

"हो? बोलली नाहीस."

"विसरले."

राविलने मान डोलावली, आणि डोलावता डोलावताच त्याची नजर खिडकीशी गेली. सैकालचा फोन तिथे चार्जिंगला लावलेला होता, सकाळपासून. तालायनेही पाहिला. राविलने मग कुणाकडेच पाहिलं नाही. दोन्ही आकडे पुन्हा शून्य केले, खुर्ची मागे सारली आणि उरलेल्या तारा गुंडाळायला घेतल्या. एकेक वेढा सारखा करत, वाजवीपेक्षा जास्त नीट.

"मी आजच निघतो," तो थोड्या वेळाने म्हणाला. "उजेड आहे तोवर घाट उतरेन."

"उद्या सकाळी जाणार होतास ना तू," ल्यूबा म्हणाली.

"काम झालं की. घरी वाट बघतायत."

तालाय सामान उचलायला खाली गेला. गाडीच्या डिकीत त्याने तारांची भेंडोळी ठेवली, मग आवरून ठेवली, मग पुन्हा काढून दुसऱ्या बाजूला ठेवली. तीन दिवस हा माणूस केव्हा जातो असं त्याला झालं होतं. आता राविल गाडीत बसून चावी लावत होता, आणि सैकाल कचेरीच्या पायरीवर हाताची घडी घालून उभी होती.

तालायने गाडीचं दार धरलं.

"राविल, आजची रात्र राहा. काय घाई आहे? मी बकरं कापतो. उद्या तुला तलाव दाखवतो. पोहायचं नसलं तरी नुसतं बसू."

"पुढच्या वेळी, बाइके."

"अरे, पुढच्या वेळी कुठलं काय. माणूस आलाय तर राहावं. एकच रात्र." त्याने दार सोडलं नाही. "तुम्हा दोघांना आणखी बोलायचंही असेल. ते तुकड्यांचं. मला काही अडचण नाही. बसा बोलत."

राविलने त्याच्या खांद्यावरून पायरीकडे पाहिलं.

"जाऊ दे त्याला, तालाय," सैकाल म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "लांबचा रस्ता आहे."

त्याने हात काढला. गाडी चिनारांच्या रांगेमधून गेली, कोपऱ्यावर एकदा हॉर्न वाजला. रस्ता मोकळा झाला तरी तालाय तिकडेच पाहत उभा होता. मग तो वळला. सैकाल आत गेली नव्हती. कचेरीचं जड दार तिने पाठीने उघडं धरून ठेवलं होतं, आणि ती त्याची वाट पाहत होती.