भागाबाईची नाडी

"पाणी मारा तोंडावर, उठेल आपोआप," जयतीर्थ डॉक्टर खुर्चीतून न उठता म्हणाले.

शिपाई बसवंतप्पानं पाणी मारलं. चिंताकीच्या सरकारी दवाखान्यातली नर्स भागाबाई फरशीवर पडल्या पडल्याच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागली. दोन बोटं स्वतःच्याच मनगटावर. मिनिटभरानं म्हणाली, "साहेब, बत्तीसच ठोके पडायलेत. तुमी एकदा बघा की."

"आता नर्सनं डॉक्टरला शिकवायचं! नोकरी लागली की तुमच्या लोकांना आरामाची चटक लागते. टॉनिक घ्या आणि कामाला लागा."

१९८४ सालातली तिची अशी चक्कर येऊन पडायची ही चौथी वेळ. बापानं बौद्ध दीक्षा घेतल्याला पाव शतक उलटलं होतं, तरी 'तुमचे लोक' काही सुटले नव्हते. भागाबाईला आता रागही येत नसे. सुई किती वेळ उकळायची हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यावर काय रागवायचं?

पाचव्यांदा ती बाळंतिणीच्या खोलीत कोसळली, हातात नुकतं जन्मलेलं मूल असताना. बाळाच्या आजीनं झेललं म्हणून ते वाचलं. त्या दिवशी मात्र भागाबाई घाबरली.

"रजा मागितलीस का?" नवऱ्यानं, नरसिंगनं विचारलं.

"मागितली न्हाई. हैदराबादला दाखवायला जायले म्हणून सांगून आले."

हैदराबादच्या म्हाताऱ्या डॉक्टरनं आधी तिचं मनगट धरलं, पुरतं मिनिटभर. मग हृदयाचा आलेख काढला. छातीत ठोके चालू ठेवणारं यंत्र, पेसमेकर, बसवावं लागेल म्हणाले. भागाबाईनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी आपल्या दखनी उर्दूत सगळं सांगितलं. सुरुवातीची यंत्रं भिंतीतल्या विजेवर चालायची; वायर पुरेल तेवढंच पेशंटनं चालायचं. पुढं परदेशात एकाच्या अंगात यंत्र बसवलं, ते काही तासांतच बंद पडलं. दुसरं बसवलं. मग आणखी. तो माणूस अजून जगतोय.

"इतकी यंत्रं बिघडली, तरी त्या माणसालाच कुनी बोल लावला न्हाई?"

डॉक्टर हसले. भागाबाई हसली नाही.

दोन महिन्यांनी ती कामावर आली. खांद्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढा उंचवटा होता. त्याच आठवड्यात बिदरहून मोठे अधिकारी तपासणीला आले.

"माझंच निदान," जयतीर्थ डॉक्टर त्यांना सांगत होते. "नाडी मंद लागली, तसं लगेच हैदराबादला धाडलं. भागाबाई, साहेबांना दाखवा जरा ते यंत्र."

भागाबाईनं पदर घट्ट ओढला आणि हात पुढं केला.

"ते कामून? नाडी बघा की. तुमीच सांगा साहेबांना, किती हाय."

डॉक्टरांनी मनगटावर अंगठा टेकवला.

"अंगठा न्हाई, साहेब. त्यात आपलीच नाडी लागते. पहिल्या वर्षाच्या पोरींना शिकवतात हे."

अधिकारी रजिस्टर चाळू लागले. भागाबाईनं डॉक्टरांची बोटं धरून जागेवर ठेवली. ते ओठ हलवत मोजू लागले. ती त्यांच्या डोक्यावरून बाहेर ओसरीवर बसलेल्या बायकांकडे बघत राहिली.

"सत्तर," डॉक्टर पुटपुटले.

तिनं हात सोडवून घेतला. नळाशी जाऊन साबणानं कोपरापर्यंत धुतला, मनगट दोनदा. आणि ओसरीवरच्या पहिल्या बाईला आत बोलावलं.