माप लक्षात ठेवणारी

“मान धरली माझी. या पोरीला उशी चालत नाही, आत्याची मांडीच लागते.”

ही कुरकुर माझ्या मालकीणबाईंची. त्या शिवणकाम करतात आणि मी त्यांच्या मानेतल्या, रोगाशी लढणाऱ्या एका छोट्या गाठीत राहते. मित्रांनो, मी एक जुनी स्मृतिपेशी आहे.

बाई सहा वर्षांच्या असताना त्यांना गोवर झाला. विषाणू अनोळखी, त्याच्या मापाची पेशी शोधण्यातच आमचे बरेच दिवस गेले. ती मी निघाले. मग मला ढीगभर बहिणी झाल्या. त्यांनी प्रतिपिंडं तयार केली. विषाणूला ती अशी घट्ट बसतात, की त्याला कुठे शिरताच येत नाही. लढाई संपली, बहुतेक बहिणी गेल्या. माझ्याकडे काम उरलं एकच, माप लक्षात ठेवायचं. बाईसुद्धा जुन्या गिऱ्हाइकांचे कागदी साचे खिळ्याला अडकवून ठेवतात, तसंच. चाळीस वर्षं शेजारणी पेशींनी मला ‘बसून खाणारी’ म्हटलं.

मागच्या आठवड्यात बाईंच्या भाचीला, टिकलीला, ताप आला, अंगावर पुरळ उठलं. “नवा साबण बाधला असेल,” भाऊ म्हणाला. “ऊन लागलं असेल,” भावजय म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी गोवर सांगितला आणि लसीचं कार्ड मागितलं. “सापडत नाही,” भाऊ म्हणाला.

“मला होऊन गेलाय, मीच बसते हिच्याजवळ,” बाई म्हणाल्या.

टिकली त्यांच्या तोंडावरच शिंकली आणि तो विषाणू आत आला. चाळीस वर्षांनी, पण तोच. मी लगेच ओळखला. पुन्हा बहिणी, पुन्हा प्रतिपिंडं. बाईंना साधी कणकणही आली नाही. शेजारणी आता मला अहो-जाहो करतात.

टिकलीला मात्र हे माप तापाने फणफणून मिळवावं लागलं. मित्रांनो, लस तेच माप आजाराशिवाय शिकवते. तिची तारीख तेवढी सांभाळा.

आठव्या दिवशी टिकली उठून बसली. “आत्या, माझा फ्रॉक?”

भावाने खिळ्यावरचे साचे काढले. त्यातून कॉलरचा एक साचा खाली पडला. जाड, गुलाबी, कडेला दवाखान्याचा अर्धा शिक्का. भाऊ-भावजयीने तो आधीच पाहिला होता. भावाने तो पटकन आत सारला. “जुना कागद आहे, ताई.”

बाईंनी तो साचा पुन्हा बाहेर ओढला.

“कार्ड मीच कापलं,” त्या म्हणाल्या. “जाड होतं, कॉलरला बरं म्हणून. टिकलीच्या पुढच्या लसीची तारीख त्यावरच होती.”