'आम्ही' म्हणणारी मुलगी

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंच्या हाताखालून वीस वर्षांत शेकड्यांनी मुलं गेली होती. मूल दारातून आत आलं, की त्यांचे कान आपोआप टवकारायचे. बबडीच्या भावाच्या वेळी तर पाच मिनिटंही लागली नव्हती. लिफ्टच्या मोटारीवर बोलायला लागला, की समोर माणूस आहे की कपाट, याची त्याला फिकीर नसे. त्याचा ऑटिझम चौथ्या वर्षीच कागदावर आला.

आता त्याची बहीण बबडी आली होती, नऊ वर्षांची. तिची आई म्हणाली, "मॅडम, शाळेतून आली की ही दप्तर टाकते नि पलंगाखाली शिरते. तासभर बाहेर येत नाही. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, पोरगी छान पोपटासारखी बोलते, काही झालेलं नाही."

बाईंनी बबडीला मधल्या सुट्टीबद्दल बोलतं केलं आणि रेकॉर्डिंग शब्दन् शब्द उतरवून काढलं. भावाच्या बोलण्याच्या जुन्या कागदांत माणूस औषधालाही नव्हता. हिच्या पानांवर मात्र 'आम्ही', 'आमचा ग्रुप', 'माझ्या मैत्रिणी' यांची नुसती रेलचेल. पण मैत्रिणीचं नाव? एकही नाही.

पुढच्या भेटीत बाईंनी सरळ विचारलं, "आम्ही म्हणजे कोण कोण गं?"

"त्या चौघी."

"आणि तू?"

"मी बाकाच्या कडेला. त्या हसल्या की मी हसते. हसायला उशीर झाला की त्या माझ्याकडे बघतात, म्हणून लक्ष ठेवावं लागतं."

"मग 'आम्ही' का म्हणतेस?"

"मुली तसंच म्हणतात ना."

बाई कागद घेऊन तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या.

"अहो बाई, हिच्या बोलण्यात माणसंच माणसं आहेत!" डॉक्टर वैतागले.

"आहेत ना, सर. आपली फूटपट्टी मुलग्यांवरून बेतलेली. तिचा भाऊ घोळक्याबाहेर उभा राहिला, तो लगेच दिसला. ही घोळक्यात उभी राहून एकटी आहे. वाचा तरी."

डॉक्टरांनी चष्मा चढवला. दुसरं पान उलटेपर्यंत त्यांचा आवाज उतरला होता. "आईला बोलवा. पुन्हा तपासू."

तीन बैठकांनंतर निदान झालं: भावासारखाच ऑटिझम. आई रुमाल पिळत म्हणाली, "आणि मी हिला दोन वर्षं नाटकी म्हणत होते हो."

"नाटक होतंच," बाई म्हणाल्या. "दिवसभर करून ती दमत होती, एवढंच."

शाळेशी बोलणं झालं. मधल्या सुट्टीत बबडीला वाचनालयात बसायची मुभा मिळाली.

"तिथं हसायचं नाही?" तिनं विचारलं.

"हसू आलं तर हस."

बबडीनं थोडा विचार केला. "बरं झालं," म्हणाली, आणि खुर्चीत मांडी घालून ऐसपैस बसली.

त्याच आठवड्यात 'काही झालेलं नाही' म्हणून पूर्वी परत पाठवलेल्या मुलींच्या फायली बाईंनी मागवल्या. सात निघाल्या. डॉक्टरांनी सातही जणींच्या फेरतपासणीवर सही केली, आणि बाईंनी पहिल्या घरी फोन लावला.